रात्रपाळीच्या माणसाचं प्रशिक्षण

(छत्रपती संभाजीनगर येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात, कल्याणीनगरला, एका भरधाव पोर्शे गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी जामीन झाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगण्यात आलं. पुढचं तुम्हां सर्वांना पाठ आहे. देशभर संताप उसळला, आणि तो रास्त होता. काही महिन्यांनी, हा जामीन देणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना सरकारनं पदावरून दूर केलं.

पण त्या जामिनाला आणखीही अटी होत्या. मुलानं दारूच्या सवयीवर उपचार घ्यावेत, समुपदेशन घ्यावं, असंही त्यात म्हटलं होतं. त्यावर फारसं कुणी बोललं नाही. हे समुपदेशन कोण करणार, किती महिने करणार, सतरा वर्षांच्या मुलाशी त्याच्या हातून गेलेल्या दोन जिवांबद्दल कसं बोलायचं हे त्या माणसाला कुणी शिकवलंय का? मला हा प्रश्न निबंधापेक्षा मोठा वाटतो. आज मी त्याच्यावरच बोलणार आहे.

आपल्या राज्याला हा विषय नवा नाही. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची. मुंबई प्रांताचा मुलांसाठीचा कायदा १९२४ चा, आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी तिनं मुलांसाठी मार्गदर्शन चिकित्सालय काढलं. समाजकार्य शिकवणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं की हे काम मुलांसमोर बसूनच शिकता येतं. आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात, म्हणून ही परंपरा आपल्याकडे उशिरा पोहोचली. आणि देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे. त्यांच्या याचिकेवरचे आदेश १९८६ चे, आणि मुलांसाठी देशव्यापी कायदाही त्याच वर्षी झाला. हे नाव आपल्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवं.

सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक तरी महिला. नेमणुकीपासून ६० दिवसांत या सर्वांचं प्रशिक्षण व्हायला हवं, दंडाधिकाऱ्यांचंसुद्धा. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, यासाठी मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. चांगलं आहे हे. खुर्चीवर बसणाऱ्यांची काळजी कायद्यानं घेतली आहे.

पण मुलगा मंडळासमोर किती वेळ असतो? काही मिनिटं. उरलेला दिवस आणि सगळी रात्र तो निरीक्षणगृहात असतो, काळजीवाहकाजवळ, पहारेकऱ्याजवळ. नियमांत या सगळ्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. माझा अनुभव असा की ते अधीक्षकांपर्यंत पोहोचतं, समुपदेशकांपर्यंत पोहोचतं आणि रात्रपाळीच्या माणसापर्यंत येईस्तोवर विरून जातं. तो कंत्राटी असतो, पगार तुटपुंजा, आणि कार्यशाळेला गेला तर त्याच्या जागी उभं राहायला दुसरा माणूस नसतो.

याची किंमत काय, ते आपल्या शहरातलंच उदाहरण घेऊन सांगते. ‘बटन’ हा शब्द इथे कुणाला समजावायला नको. झोपेच्या या गोळ्या मुकुंदवाडीपासून वाळूजपर्यंत पोरांच्या खिशात सापडतात. रोज घेणारा मुलगा पकडला जातो, निरीक्षणगृहात येतो आणि गोळी एकदम बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो झोपत नाही, घामाघूम होतो, हात थरथरतात, भिंतीवर डोकं आपटतो, शेजारच्या पोराच्या अंगावर जातो. अशा गोळ्या एकाएकी सुटल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे ठाऊक असलेला काळजीवाहक घाटी रुग्णालयाला फोन लावतो. ठाऊक नसलेल्याला ती मस्ती वाटते, आणि मस्ती उतरवायची एकच रीत त्यानं आयुष्यात पाहिलेली असते. त्या माणसाला मी क्रूर म्हणणार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता परिवीक्षा अधिकाऱ्याकडे येऊ. मुलगा मंडळासमोर पहिल्यांदा आला की १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. नमुना ठरलेला आहे, रकाने आहेत, खुणा करायच्या आहेत. ‘आईवडील मजूर. वडिलांना व्यसन. मुलगा वाईट संगतीत.’ असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. त्यात एक अक्षरही खोटं नसतं, आणि तरीही तो मुलगा कोण हे कळत नाही. प्रशिक्षणात आम्ही एक साधी गोष्ट करून घेतो. एकानं मुलगा व्हायचं, दुसऱ्यानं अधिकारी. ‘का केलंस?’ हा प्रश्न विचारायला बंदी. कारण त्याला उत्तर एकच येतं, ‘ऐसेच’. त्याऐवजी विचारायचं, ‘त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?’ मग कळतं की शाळा सहा महिन्यांपूर्वीच सुटली, आदल्या रात्री घरात मारामारी झाली, चाकू कुणीतरी ‘ठेव तुझ्याजवळ’ म्हणून दिला आणि चौकातल्या एका भाईनं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. अहवालाला उपयोगी पडेल असं सगळं त्या दिवसात असतं. प्रशिक्षणाचं साहित्य मात्र इंग्रजीत येतं, शिकणारा मराठीत विचार करतो आणि पोरगा बोलतो आपल्या शहराच्या दख्खनी हिंदीत. हे साहित्य इथल्या बोलीत करायला काय हरकत आहे?

आणखी एका विषयावर आपण बोलतच नाही. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा लहान चुलत बहिणीशी लैंगिक चाळे करतो. घरातले एकतर त्याला बदडून काढतात नाहीतर पांघरूण घालतात. शिक्षिकेच्या कानावर आलं तर ती त्याला जवळ घेऊन म्हणते, ‘सांग, मी कुणाला सांगणार नाही.’ हे वचन द्यायचा तिला अधिकारच नाही. पोक्सो कायद्यानं, २०१२ पासून, अशी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा विश्वास न मोडता हे आधीच त्याला कसं सांगायचं, हे शिकावं लागतं. छळ सोसलेल्या मुलीची सुरक्षितता पहिली, यात तडजोड नाही. आणि त्याच वेळी, मुलानं हे मोबाइलवर पाहिलं, की त्याच्याशीही कुणी असंच केलं होतं, हेही शोधावं लागतं. दोन्ही एका डोक्यात धरणं अवघड आहे. म्हणूनच त्याचा सराव हवा.

राष्ट्रीय गुन्हे नोंदीत २०२२ मध्ये अल्पवयीनांवर दाखल झालेले सुमारे साडेतीस हजार गुन्हे होते, आणि त्यांत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर. आकडा ऐकला की आपण धास्तावतो. पण न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांना संशोधकांनी मोठं होईपर्यंत पाहिलं. त्या अभ्यासावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की किशोरवयात वाट चुकणाऱ्यांतले बहुतेक पुढे आपोआप सावरतात. लहानपणापासून सुरू होऊन टिकून राहणारे थोडे असतात. म्हणजे पहिल्यांना आपण हर्सूल तुरुंगाच्या वाटेला लावायचं नाही, आणि दुसऱ्यांपर्यंत तिसरी-चौथीतच पोहोचायचं. हा फरक ओळखू शकणारी माणसं घडवणं, याला मी प्रशिक्षण म्हणते.

अशी माणसं एका दिवसाच्या कार्यशाळेत घडत नाहीत. वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, आपल्याजवळच्या मुलांविषयी जाणत्या माणसासमोर बसून बोलायचं: कुठे राग आला, कुठे हात उगारला, कुठे काही सुचलं नाही. या शहरात घाटीचा मनोविकार विभाग आहे, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. हे सगळे काही किलोमीटरच्या आत आहेत. त्यांनी मिळून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांसाठी असा वर्ग चालवायला हवा, आणि पहिली तुकडी काळजीवाहकांची हवी. ते वर्गात असतील त्या दिवसांसाठी बदली माणसाचा पगार महिला व बालविकास विभागानं मंजूर करावा, एवढी माझी मागणी आहे. ती मी लेखी दिली आहे आणि पुन्हा देणार आहे.

आणि समोर बसलेल्या निवृत्त शिक्षकांना, परिचारिकांना सांगते: कायद्यात ‘योग्य व्यक्ती’ म्हणून एक तरतूद आहे. मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर अशा व्यक्तीच्या देखरेखीखाली सोडू शकतं. चौकशी होते, मगच मान्यता मिळते. अर्ज कसा करायचा हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना त्या कक्षात जायचंय त्यांनी नाव लिहून द्यावं, म्हणजे आपण सगळे एकत्रच जाऊ.