कात्री कोणाच्या हातात?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



एम.एस.डब्ल्यू. करताना मी मुलाखत कशी घ्यायची, केसपेपर कसा लिहायचा हे शिकले. व्हिडिओचं संकलन कुणी शिकवलं नव्हतं. ते वस्तीतल्या बायकांबरोबर शिकले, आणि शिकताना माझ्या मूळ कामाबद्दलच प्रश्न पडले. ते आज तुमच्यापुढे मांडते.

आमच्या गटाने एक नाट्यदृश्य बसवलं. मार खाल्लेली मुलगी रात्री माहेरी येते. आई दार उघडते, ताट वाढायला घेते. भाऊ म्हणतो, "उद्या मी स्वतः पोचवून येतो. दाजींशी बोलतो." एवढंच. मोबाइलवर ते तीनदा चित्रित केलं: एकदा सगळे दिसतील असं, एकदा भावावर, एकदा मुलीवर. मग प्रश्न आला, जोडायचं कोणी? एकीचा मुलगा म्हणाला, "द्या, मी करून देतो." बायकाच नको म्हणाल्या. दृश्य आपलं, तर जोडणंही आपणच शिकू.

कडेनलाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात खाली आडवी पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर तुकडे ओळीने मांडायचे. 'एक्स'चं बटण दाबलं की हातात कात्री येते, हवं तिथे कापायचं. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळायला लागलं, तेव्हा 'प्रॉक्सी' म्हणजे हलक्या नकला करून काम चालवलं. कापलं तरी मूळ चित्रण शाबूत राहतं, हे कळल्यावर माऊसला हात लावायला घाबरणाऱ्या बायकाही पुढे सरकल्या.

पहिलं संकलन मी सरळ नियमाने केलं. जो बोलेल तो पडद्यावर. वस्तीत दाखवलं. एक आजी म्हणाल्या, "भाऊ गुणाचा आहे गं. पोरीनं ऐकावं त्याचं." चार-पाच जणींनी माना डोलावल्या. मी गप्पच झाले. हे सांगायला का आम्ही दृश्य बसवलं होतं?

पुन्हा बघितल्यावर चूक कळली. सगळी वाक्यं भावाची, म्हणून पडदाही भावाचा. मुलगी बोलतच नव्हती, म्हणून ती दिसतच नव्हती. घरात जे होतं तेच मी कात्रीने पुन्हा केलं होतं.

टाइमलाइनवर चित्र आणि आवाज एकमेकांपासून सोडवता येतात. आम्ही भावाचा आवाज चालू ठेवला आणि चित्र मुलीचं लावलं. याला एल-कट म्हणतात. पुढच्या चित्राचा आवाज आधीच ऐकू आला तर तो जे-कट. पट्टीवर तुकड्यांचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावं. "पोचवून येतो" या शब्दांवर आम्ही भाकरी वाढताना थांबलेला आईचा हात लावला. अभिनय तोच, शब्द तेच. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा त्याच आजी म्हणाल्या, "हिला कुणी विचारलंच नाही की." मग चर्चा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यावर आणि त्यातल्या राहत्या घराच्या हक्कावर गेली.

यात नवं काही नाही. १९२० च्या सुमारास रशियात कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्याशेजारी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख, अभिलाषा दिसली, असं सांगतात. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांना 'परिंदा'च्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रीवादी गटाने १९८१ मध्ये 'मोलकरीण' हा माहितीपट केला. कात्री बाईच्या हातात याआधीही होती.

पण एक गोष्ट मला टोचते. आईचा हात खरं तर त्या वाक्याला थांबला नव्हता. तो दुसऱ्या वाक्याला थांबला होता. मी तो उचलून इथे लावला. नाटकात हे चालतं, कारण हे नाटक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण उद्या एखादी बाई आपल्यापुढे बसून स्वतःची हकिगत सांगेल, आपण ती चित्रित करू. तिचं रडणं दुसऱ्या वाक्याला जोडलं तर? ती खोटी साक्ष होईल, आणि ती आपण तयार केलेली असेल. म्हणून आमच्या गटाने ठरवलं आहे: साक्षीचं चित्रण जोडून झाल्यावर आधी त्या बाईला दाखवायचं. ती "काढा" म्हणाली तर काढायचं, आणि ती "नको" म्हणाली तर कुठेच दाखवायचं नाही.

आणि केसपेपर? तिथे मी इतकी वर्षं कापतेच आहे. बाई दोन तास बोलते. नणंदेचं लग्न, मोडलेली शिलाई मशीन, पहिल्या मुलीचं आजारपण सांगते. मी अर्ध्या पानात मारहाणीच्या तारखा लिहिते. न्यायालयाला तारखा लागतात, हे खरं. पण ते अर्धं पान मी सही घेण्याआधी तिला नीट वाचून दाखवलं का? दर वेळी नाही. घाई होती, रांग होती. हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते.

आता वाचून दाखवते. परवा एकीने मला थांबवलं. "ताई, मशीन राहिली," म्हणाली. मशीन तिची कमाई होती. नवऱ्याने ती मोडली होती. कायद्याच्या भाषेत तो आर्थिक छळ, आणि मी तो घरातली किरकोळ गोष्ट समजून गाळला होता.

तेव्हा संकलन जरूर शिका. आठ-दहा दिवस रोज तासभर बसलात तर जमतं. आणि तुमच्या संस्थेतले जुने केसपेपर एकदा काढून बघा. काय गाळलं गेलं, ते कोणी ठरवलं, यावर दुपारच्या सत्रात बोलूया.