पुराणकथा आणि प्रश्नमंजुषा



शाळेच्या प्रश्नमंजुषेत प्रश्न येतो, गुरुदक्षिणा म्हणून अंगठा कोणी दिला? पोरगं ‘एकलव्य’ म्हणतं, गुण मिळतात. द्रोणाने अंगठा मागितला का, हे कोणी विचारीत नाही. काही पालक म्हणतात, आपण धम्म घेतला, आता मुलांनी ही पुराणं शिकूच नयेत. मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी पुराणं वाचून काढली म्हणून तर ‘रिडल्स इन हिंदुइझम’ लिहिलं. शासनाने ते १९८७ साली छापलं तेव्हा केवढं वादळ उठलं!

अमेरिकेत कॉलेजांच्या स्पर्धांत पुराणकथा हा वेगळा विषयच असतो. ग्रीकांचा झ्यूस, उत्तर युरोपातला थॉर, यांच्या कथा तिथे कथा म्हणूनच विचारतात. आपल्याकडे पुष्कळदा त्याच जातीचे प्रश्न ‘सामान्य ज्ञान’ या नावाखाली खपतात, जणू इतिहासच.

आता सांगा, दशरथाची राजधानी कोणती? वाल्मीकी रामायणात अयोध्या. आपल्या दशरथ जातकात वाराणसी, आणि तिथे सीता रामाची बहीण! मग गुण कोणाला द्यायचे? म्हणून माझं म्हणणं, प्रश्नातच ग्रंथाचं नाव घाला. आणि जातकालाही हाच नियम लावा. बोधिसत्त्व ससा झाला ही आपली गोष्ट, पण गोष्टच. हे काहींना कडू लागेल, लागू द्या.

विहाराच्या स्पर्धेत एकलव्याचा प्रश्न जरूर ठेवा. पाच गुण नावाला, आणि पाच गुण अंगठा का मागितला हे स्वतःच्या शब्दांत सांगेल त्याला.