पहिले लिनक्स कोणते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०च्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. तेवढ्यासाठी घाटकोपर-मुलुंडच्या अभ्यासिकांतील चालते संगणक भंगारात जावेत काय? लिनक्सचा मार्ग १९९१ पासून खुला आहे. मात्र त्याची शेकडो वितरणे पाहून नवशिका गोंधळतो. ज्याला ओळखीची मांडणी हवी, त्याने मिंट घ्यावे. यंत्र दुबळे असल्यास त्याचीच एक्सएफसीई आवृत्ती. सी-डॅकचे 'बॉस' डेबियनवर उभारलेले असून त्यात मराठीची सोय आहे. प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून देवनागरी टंकन व छपाई पडताळावी. पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठी पाठही आहेत. तथापि खरी कसोटी एकच: अडल्यावेळी शेजारचा कोण धावून येईल? त्याला जे अवगत, तेच पहिले वितरण. मक्तेदारापासून मिळालेली मोकळीक सोबतीवाचून टिकत नाही.