पुन्हा वाकलेलं बोट

श्रोतेहो, नमस्कार. दोन्ही हात नीट जोडून असा नमस्कार ज्यांना करता येत नाही, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे.

करंगळीच्या किंवा अनामिकेच्या बुडाशी, तळहातावर, आधी एक गाठ येते. ती सहसा दुखत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पुढे गाठीपासून बोटापर्यंत कातडीखाली एक कडक दोर तयार होतो आणि बोट आत ओढलं जातं. मग तोंड धुताना तेच बोट डोळ्यात जातं, खिशात घातलेला हात अडकतो. पॅरिसचे शल्यविशारद द्युप्युत्रां यांनी १८३१ साली यावर शस्त्रक्रिया केली, त्यांचंच नाव या विकाराला मिळालं. उत्तर युरोपात हा फार आढळतो. मार्गारेट थॅचर यांचाही हात यासाठी उघडावा लागला होता. आपल्याकडे प्रमाण कमी, पण मधुमेह असलेल्यांच्या तळहातावर गाठी दिसतात. दोष कातडीखालच्या पडद्यात असतो, त्यामुळे तेल चोळून आणि बोट खेचून काही साधत नाही.

खरी पंचाईत होते ती उपचारानंतर काही वर्षांनी बोट पुन्हा वाकतं तेव्हा. ‘डॉक्टरांनी नीट काढलं नाही’ असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा तसं नसतं. दोर काढता येतो, दोर तयार करण्याची शरीराची प्रवृत्ती काढता येत नाही.

दुसऱ्या खेपेला मी आधी एवढंच बघतो की कुठला सांधा वाकलाय. तळहाताजवळचा सांधा उपचारांना चांगली दाद देतो. बोटाच्या मधला सांधा मात्र हट्टी. बराच काळ वाकून राहिला तर दोर काढूनही पुरता सरळ होत नाही.

सुईने दोर तोडणं सर्वांत सोपं. जागेवरच भूल, टाके नाहीत, हात लवकर कामाला लागतो. पण नेदरलँड्समधल्या एका तुलनेत पाच वर्षांत सुईवाल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांचा त्रास परतला, तर दोर कापून काढलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांचा. आकडे ऐकून सुई बाद करू नका. तळहाताजवळचा सांधा पुन्हा वाकला आणि दोर बोटाला स्पष्ट लागत असेल, तर सुई पुन्हा वापरता येते. सत्तरीतल्या माणसाला मी तीच सुचवेन. दोर विरघळवणारं कोलॅजनेजचं इंजेक्शनही आहे, पण युरोपच्या बाजारातून ते २०२० मध्ये व्यावसायिक कारणाने काढून घेतलं गेलं.

एकदा चिरलेला हात पुन्हा चिरणं हे जोखमीचं काम. जुन्या व्रणात बोटाची नस आणि रक्तवाहिनी जागा सोडून बसलेल्या असतात. नस दुखावली तर बोटाचं टोक बधिर होतं. दोन्ही रक्तवाहिन्या गेल्या तर बोटच धोक्यात येतं. तरुण रुग्ण, मधला सांधा, आणि त्रास वारंवार परतणारा, अशा वेळी दोराबरोबर वरची कातडीही काढून दंडाची किंवा जांघेची पूर्ण जाडीची कातडी तिथे लावतात. जंगलात वणवा अडवायला जाळरेषा काढतात तसंच हे. लावलेल्या कातडीखाली विकार सहसा परतत नाही, तिच्या कडेने मात्र डोकावू शकतो. त्यानंतर फिजिओथेरपी चुकवायची नाही.

आणि काहीच न करणं? तोही पर्याय आहे, आणि तो आपण फार पटकन नाकारतो. तळहात टेबलावर सपाट टेकवून बघा. टेकला, काम अडत नाही, तर थांबायला हरकत नाही. बोट महिन्यागणिक वाकतंय, विशेषतः मधल्या सांध्यात, तर थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. चीर कुठे घेतली होती, कुठली नस, कुठली रक्तवाहिनी तेव्हा दुखावली होती, हे त्यांत लिहिलेलं असतं. नवा चाकू लावण्याआधी तुमचे डॉक्टर तेच शोधतील.