मेलेली शेळी दवाखान्यात कशाला न्यायची?

मृगाचा पाऊस पडून बांधाला कोवळं गवत फुटलं, की मला आमच्या गटाच्या शेळ्या आठवतात. एक संध्याकाळी पोटभर चरून आली आणि सकाळी गोठ्यात आडवी. चांगली गुबगुबीत होती. तिला पुरलं. दोन दिवसांनी दुसरी गेली. कर्ज गटाचं, हप्ते चालू. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे पान लागलं.

भाचा म्हणाला, "मावशी, हिला पुरू नको, पशुवैद्यकीय कॉलेजात ने." मेल्यावर कसला दवाखाना! पण टमटम केली आणि लगेच नेली.

ही कॉलेजं सरकारी. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, सगळी नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबईचं तर 1886 सालचं. साडेपाच वर्षांचं शिक्षण, त्यात शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. जनावरं आलीच नाहीत, तर पोरं शिकणार कशावर?

एका मुलीनं हातमोजे घालून शेळी उघडली. सर शेजारी उभे राहून तिलाच विचारत होते. मूत्रपिंड लोण्यासारखं मऊ झालेलं. सर म्हणाले, मढं शिळं झालं की तसंही ते मऊ पडतं, म्हणून तुम्ही लवकर आणलंत ते बरं. आतड्यातलं पाणी तपासायला घेतलं. निघाला आंत्रविषार. एकदम जास्त कोवळा चारा किंवा धान्य खाल्लं, की आतड्यातले जंतू वाढतात आणि विष सोडतात. धडधाकट शेळीच आधी जाते.

चरणं कमी केलं, वाळला चारा दिला, लस टोचली. लसीचा गुण लगेच येत नाही. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. तेवढ्यात आमचं एक करडू गेलंच. बाकीच्या नऊ राहिल्या. आता आम्ही पावसाळ्याआधीच टोचून घेतो.

एक मात्र ऐका. मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून, शेणवाटेतून काळं रक्त येत असेल तर त्याला हात लावू नका, कापू नका, हलवूही नका. ती फाशी असू शकते, माणसालाही होते. डॉक्टरांना तिथेच बोलवा.

आणि विमा. दुसऱ्या शेळीचा कानातला बिल्ला होता, शवविच्छेदनाचा दाखला मिळाला, पैसे आले. पहिलीचाही विमा होता. पण ती तर आम्ही पुरून बसलो होतो.