गच्चीवरची वीज : घेण्यापूर्वी काय पारखावे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कुटुंबमेळाव्यात, बडोदे येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी थोरामोठ्यांची भाषणे व्हावयाची. त्यांत माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराने बोलावे, आणि तेही गच्चीवरच्या सोलर पॅनेलविषयी, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हल्ली हाच विषय निघतो. ज्यांनी पॅनेले बसविली ते सल्ला देतात, ज्यांनी बसविली नाहीत ते गोंधळतात, आणि विकणारा तर रोज एक नवा दारात उभा असतो. मी सल्ला देण्यास उभा आहे तो माझ्या शहाणपणाच्या जोरावर नव्हे, तर फसगतीच्या. ती आधी सांगतो, मग पुढचे बोलतो.

तीस वर्षे मी मुलांना विजेचा धडा शिकविला. 2021 साली मे महिन्यात एक गृहस्थ आमच्या घरी आले. बोलणे गोड, दर सर्वांत कमी. भर दुपारी गच्ची पाहिली, फीत लावली आणि म्हणाले, “सर, सावलीचे नावसुद्धा नाही.” मी मान डोलावली. एवढेच नव्हे, तर माझ्या शब्दावर माझ्या विधवा आक्काने आपली बँकेतील ठेव मोडून त्यांनाच काम दिले.

पुढे काय झाले? त्यांनी स्लॅबला भोके पाडून खांब रोवले आणि भोके नुसत्या सिमेंटने बुजविली. पहिल्याच पावसात आक्काच्या देवघरात पाणी ठिबकू लागले. मीटरचा अर्ज कंपनीकडे गेलाच नव्हता. चार महिने पॅनेले उन्हात नुसती तापत राहिली. डिसेंबरात शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली निम्म्या पॅनेलांवर पसरली. आणि त्या गृहस्थांचा फोन लागेनासा झाला. आक्का मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्या सावलीतच माझी खरी चूक होती, कारण तिचे शास्त्र मी स्वतः शिकवीत आलो होतो. आपले बडोदे सुमारे 22 उत्तर अक्षांशावर. जूनमध्ये माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून सावली पायाशी. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि माध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून सुमारे 44 अंशच वर येतो. म्हणजे पाच फूट उंच टाकीची सावली भर दुपारी पाच फुटांहून थोडी लांब. सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी जास्त. पॅनेले एकापुढे एक जोडलेली असतात. एकावर सावली पडली की साऱ्या ओळीची वीज घटू शकते. सबब, जो कारागीर फक्त मे महिन्यातील दुपार पाहून “सावली नाही” म्हणतो, त्यास नमस्कार करावा.

आता मूळ हिशेब. आपल्याकडे एक किलोवॅटची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात आणि त्यांस सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. वर्षभराची बिले काढा, युनिटांची बेरीज करा, बारांनी भागा. महिना 300 युनिट लागत असतील तर अडीच ते तीन किलोवॅट पुरेत. विकणारा पाच सांगेल. जास्तीची वीज कंपनीच्या तारांत जाते खरी, परंतु वर्षभर उरणाऱ्या विजेचा भाव आपण विकत घेतो त्यापेक्षा पुष्कळ कमी मिळतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते येथेही लागू आहे.

दुसरा गैरसमज असा की पॅनेल बसले म्हणजे वीज जाणारच नाही. तसे नाही. कंपनीच्या तारेला जोडलेली साधी यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठीच ही व्यवस्था आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा. हे जो आधी सांगत नाही, तो पुढेही खरे सांगणार नाही.

सरकारी मदतीविषयी विचारणा होते. 2024 साली जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे तीन किलोवॅट व त्यावर जास्तीत जास्त 78,000 रुपये ठरले. त्यासाठी पॅनेले देशी बनावटीची असावी लागतात आणि काम नोंदणीकृत कारागिराकडूनच व्हावे लागते. रक्कम काम पुरे होऊन मीटर लागल्यावर ग्राहकाच्या स्वतःच्या बँकखात्यात येते. म्हणून “मदत मी आणून देतो, आधी पैसे द्या” असे कोणी म्हटल्यास सावध व्हा. अर्जापूर्वी योजनेची चालू स्थिती वीज कंपनीच्या कचेरीत विचारून घ्या.

कारागीर कसा पारखावा? मी आता पाच गोष्टी पाहतो.

पहिली : त्याने बसविलेली, निदान तीन वर्षांपूर्वीची दोन घरे स्वतः जाऊन पाहावी. नवे काम सर्वांचेच चकाकते. तीन पावसाळे सोसलेला सांगाडा खरे बोलतो. तो चांगला जस्त चढविलेला आहे की गंजला, हे डोळ्यांना दिसते. घरमालकास विचारावे, बिघाड झाला तेव्हा माणूस किती दिवसांनी आला?

दुसरी : अंदाजपत्रकात पॅनेलांची व इन्व्हर्टरची बनावट, नग, वॅट आणि हमी लिहिलेली असावी. पॅनेलांची वीज वर्षाला थोडी थोडी घटते. चांगले उत्पादक पंचवीस वर्षांनंतरही सुमारे 80 टक्के क्षमतेची हमी देतात. इन्व्हर्टर मात्र इतका टिकत नाही. तो एकदा बदलावा लागेल, हे मनाशी धरूनच हिशेब करावा.

तिसरी : अर्थिंग. पॅनेलांकडील बाजू, घराकडील बाजू आणि वीजरोधक, या तिहींची अर्थिंग वेगवेगळी हवी. येथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

चौथी : गच्चीला भोक पाडावयाचे असेल तर गळती न होण्याची जबाबदारी लेखी घ्यावी. काँक्रीटचे ठोकळे वापरले तर वाऱ्याचा जोर आणि स्लॅबची ताकद दोन्ही तपासावी.

पाचवी : पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे. मीटरचा अर्ज कोण करणार हे कराराच्या कागदावर यावे, आणि शेवटचा हप्ता मीटर फिरू लागल्यावरच द्यावा. पाच वर्षांच्या देखभालीचा शब्द तोंडी नको.

देखभाल आपलीही आहे. धूळ बसली की वीज घटते. पहाटे, पॅनेले थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आणि बडोदेकरांना वेगळे सांगणे नको : उत्तरायणाच्या दिवशी पोरे पतंगाच्या मागे पॅनेलांवर चढतात. काच फुटली नाही तरी आतील नाजूक पट्ट्यांना बारीक तडे जातात आणि ते वरून दिसत नाहीत. त्या दिवशी घरातील एका वडीलधाऱ्याने गच्चीवर खुर्ची टाकून बसावे.

आक्काच्या घराचे काय झाले, हे आपण विचाराल. दुसऱ्या एका कारागिराने ते सावरले. तो पहिल्याने आला तेव्हा दर सांगितलाच नाही, गच्ची सकाळी, दुपारी आणि सायंकाळी अशी तीनदा पाहिली, हिवाळ्यातील सावली कागदावर काढून दाखविली, आणि म्हणाला, “चारच पॅनेले हलवू, बाकीची राहू द्या.” स्वतःचा धंदा कमी करणारे हे वाक्य ऐकून मला माणूस कळला. गळती थांबली. आज आक्काचे बिल अगदी थोडे येते. तो खर्च मी दिला. तिने घेऊ दिला, हीच तिची क्षमा समजतो.

आपल्या संस्थेच्या वसतिगृहावर पॅनेले बसविण्याचा विचार विश्वस्त मंडळी करीत आहेत. तो जरूर व्हावा. परंतु तो पैसा देणगीदारांनी विश्वासाने दिलेला आहे, जसा आक्काने तिचा माझ्या शब्दावर दिला होता. म्हणून माझी विनंती इतकीच : तीन अंदाजपत्रके मागवा, गच्ची डिसेंबरात पाहा, आणि सर्वांत कमी दराकडे सर्वांत शेवटी पाहा. सूर्य कोणाकडून पैसे घेत नाही; त्याच्या आणि आपल्या मधला माणूस तेवढा नीट निवडावयाचा आहे.