सापडेल असं ठेवा



   

ग्रंथपालांच्या या अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘आंतरजालावरील माहितीशोध: साधनांचा तुलनात्मक आढावा’ असा छापला आहे. आढावा मी थोडक्यात आटोपणार आहे. मला दुसरंच काही बोलायचं आहे, आणि ते बोलायला अशा व्यासपीठाची मी बरीच वर्षं वाट पाहिली आहे.

तर आढावा. 1990 साली कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात ॲलन एम्टाज या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ तयार केलं. ते फक्त फायलींची नावं शोधायचं, आत काय आहे हे त्याला कळत नसे. 1994 मध्ये याहूची निर्देशिका आली. तिच्यात माणसं बसून एकेक संकेतस्थळ पाहत आणि विषयवार लावत, म्हणजे आपलंच काम करत. 1995 च्या अल्टाव्हिस्टाने पानांतला प्रत्येक शब्द शोधता येण्याची सोय दिली. 1998 मध्ये गूगलने एका पानाकडे किती आणि कोणती पानं बोट दाखवतात यावरून क्रम लावायला सुरुवात केली, आणि बाकीचे मागे पडले. 2008 ला डकडकगो आलं, 2009 ला बिंग. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून आपल्या प्रत्येक परिसंवादात त्याशिवाय दुसरा विषय नाही.

काल दुपारच्या सत्रात यावर मोठी खडाजंगी झाली. एका तरुण सहकाऱ्याने चार शोधयंत्रांना तेच ते प्रश्न विचारून निकालांचे तक्ते मांडले. मेहनत चांगली होती. मी मागच्या रांगेत बसून तक्ते वाचत होतो. सगळे प्रश्न इंग्रजीत होते. मराठी माणसांनी, मराठी ग्रंथपालांच्या अधिवेशनात, मराठी ग्रंथालयांसाठी केलेल्या तुलनेत मराठी प्रश्न एकही नव्हता, आणि चर्चेत भाग घेतलेल्या कोणालाही ते खटकलं नाही. कोणतं साधन सरस, हा वाद मला तिथेच संपल्यासारखा वाटला. ज्या भाषेत आपला वाचक विचारतो, त्या भाषेतला मजकूर शोधण्याजोगा ठेवलेलाच नसेल तर साधन कुठलंही घ्या.

एक साधं उदाहरण घेतो. महात्मा फुल्यांनी 1883 साली लिहिलेलं शेतकऱ्यांवरचं पुस्तक आपल्या सर्वांच्या कपाटात आहे. ते सूचीत शोधा. कुठे ‘शेतकऱ्याचा’ आहे, कुठे ‘शेतकऱ्यांचा’. कुठे ‘असूड’ आहे, कुठे ‘आसूड’. झाली चार रूपं. आता त्यातला ‘ऱ्या’ पाहा. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक नुक्त्याच्या ‘ऱ’पासून केलेला, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन, पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण अक्षरशः जुळवून पाहणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे आठ रूपं झाली, आणि रोमन लिपीतल्या नोंदी मी अजून मोजलेल्या नाहीत. मोठी शोधयंत्रं यातलं बरंच सांभाळून घेतात. आपल्या ग्रंथालयांतल्या सूची बहुधा घेत नाहीत. मग वाचक येतो, एक रूप टाकतो, ‘नोंद आढळली नाही’ असं वाचतो आणि निघून जातो. पुस्तक त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असतं.

याच्यावर मला नेहमी सांगितलं जातं की प्रणाली बदला. कोहा घ्या, सोल घ्या, ई-ग्रंथालय घ्या. मी यातल्या एकाहून अधिक प्रणालींवर काम केलं आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की प्रश्न प्रणालीचा नाही. नोंद कोणी भरली, किती समजून भरली आणि पर्यायी रूपं दिली का, हा प्रश्न आहे. आपण नोंद भरायचं काम तात्पुरत्या कामावर आलेल्या मुलाकडे सोपवतो, त्याला पुस्तकामागे पैसे देतो आणि तपासत नाही. ग्रंथपालाचं पद निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं भरलं जात नाही, तिथे तर तपासायला माणूसच नसतो.

आपल्या भाषेचा घाटही समजून घ्यायला हवा. विद्यार्थी ‘विहीर’ असं टाकतो. मजकुरात ‘विहिरीत’, ‘विहिरींची’, ‘विहिरीवर’ असतं. ‘ही’ची ‘हि’ झाली की यंत्राच्या लेखी जुळणी तुटली. म्हणून मी विद्यार्थ्यांना शब्दाचा न बदलणारा भाग टाकायला शिकवत आलो: नुसतं ‘विह’ टाका, दोन्ही सापडतील. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे त्याआधीचा मजकूर शोधताना ‘नाही’ बरोबर ‘नाहीं’ही टाकून पाहावं लागतं. नेमका शब्दसमूह हवा तर अवतरणचिन्हांत घाला. एकाच संकेतस्थळापुरता शोध हवा तर ‘साइट’ हा रोमन शब्द, दोन टिंबं आणि पत्ता लिहा. नाहीसं झालेलं पान इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पाहा. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सूचीत मराठी पुस्तक हवं असेल, तर प्रत्येक व्यंजनामागचा ‘अ’ लिहा. ‘केतकर’ हे आपण सहा रोमन अक्षरांत लिहितो, तिथे ते आठ अक्षरांचं होतं. आणि तिथे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, कारण 1960 च्या दशकात पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली भारताला विकलेल्या धान्याचे जे रुपये इथे साठले, त्यांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने इथली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येतात. जे तिकडच्या लोकांनी शब्दागणिक करून दाखवलं, ते आपल्या दारात का होत नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

ही सगळी तंत्रं उपयोगाची आहेत आणि मी ती शिकवत राहीन. पण ती वाचकावर ओझं टाकतात. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलं आहे: वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाने आठ रूपं टाकून पाहावीत, असं त्यात कुठेही नाही.

आता डिजिटायझेशनबद्दल. हा शब्द आपल्या क्षेत्रात पवित्र झाला आहे आणि त्याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे प्रगतीविरुद्ध बोलणं, असं मानलं जातं. म्हणून मी जे पाहिलं तेच सांगतो. एका संस्थेने जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून आंतरजालावर चढवले. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. हार, दीपप्रज्वलन, भाषणं झाली. मग पडद्यावर एक पान उघडलं. पानाच्या मथळ्यात ‘दुष्काळ’ हा शब्द ठळक छापलेला होता. मी संगणकावरच्या मुलाला म्हटलं, बाळा, हाच शब्द शोधून दाखव. त्याने टाकला. शून्य. कारण ते पान म्हणजे फक्त छायाचित्र होतं. फायलीचं नाव होतं ‘अंक’ आणि पुढे एक आकडा. लेखकाचं नाव कुठे नाही, महिना नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे की हा लेख कोणत्या अंकात कोणत्या पानावर आहे, त्यालाच तो तिथे मिळेल. असं ठेवणं म्हणजे गोदामाला कुलूप लावून किल्ली आत फेकणं.

तुम्ही परत गेलात की आपल्या संस्थेचं एक पीडीएफ उघडा. डोळ्यांना दिसणारा एक मराठी शब्द निवडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि तो टाका. सापडला नाही तर बहुधा दोनांपैकी एक कारण असतं. एक, ते नुसतं चित्र आहे. दुसरं, मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपली पुस्तकं, स्मरणिका, शोधनिबंध त्यानंतरही कितीतरी वर्षं रोमन अक्षरांवर देवनागरी चित्रं चढवलेल्या फाँटांत टाइप होत राहिले. त्या फाँटांनी मराठी छपाई सोपी केली, हे मी मान्य करतो. पण त्यांतल्या कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना ‘मराठी’ दिसतो आणि आत साठवलेला असतो ई, जे, के, मोठा बी, एच असा. शोधयंत्र आतलं वाचतं. आजही आपल्यापैकी किती जणांच्या वार्षिक अहवालाची फाइल अशी आहे, हे इथे विचारत नाही.

आता कालच्या दुसऱ्या वादाकडे येतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की आता सूची, पत्रकं, ‘पाहा’ नोंदी यांचे दिवस गेले. माणसांनी केलेली याहूची निर्देशिकासुद्धा 2014 मध्ये बंद पडली. यापुढे यंत्राला प्रश्न विचारायचा, ते उत्तर देईल. त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांना मी एक हकिगत सांगतो.

आमच्या ग्रंथालयात एक बाई आल्या. त्यांच्या आजीने तरुणपणी ‘स्त्री’ मासिकात एक कथा लिहिली होती, एवढंच घरात माहीत होतं. साल माहीत नाही, कथेचं नाव माहीत नाही. त्यांनी शोधयंत्रांत आजीचं नाव सगळ्या तऱ्हांनी टाकून पाहिलं होतं. एका बोलक्या यंत्राला विचारलं, तर त्याने कथेचं नाव, अंक, महिना, सगळं आत्मविश्वासाने सांगितलं. आमच्याकडे तो अंक होता. मी काढून दिला. त्यात अशी कथा नव्हती. यंत्राने ती रचली होती. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मग मी जुन्या पत्रकांचे खण उघडले. माझ्या आधीच्या ग्रंथपालबाईंनी बांधीव खंडांतल्या गावातल्या लेखकांची स्वतंत्र पत्रकं हाताने लिहून ठेवली होती. आजीच्या सासरच्या आडनावाचं पत्रक निघालं. त्यावर एकच ओळ: ‘पाहा’, आणि पुढे माहेरचं नाव. माहेरच्या नावाच्या पत्रकावर कथेचं शीर्षक, वर्ष, अंक, पृष्ठ. ती कथा लग्नाआधीची होती. मुलगी गावातली, तिचं लग्न कोणाशी झालं हे ग्रंथपालबाईंना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं त्यांनी लिहून ठेवलं. ही माहिती कुठल्याही छापील पानावर नव्हती. कुठलं यंत्र ती शोधणार होतं?

आपल्या साहित्यात हे पदोपदी आहे. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच लेखिका, हे आज कोणालाही सांगता येतं, कारण त्या मोठ्या होत्या. ज्या मोठ्या झाल्या नाहीत, एकदोनदा लिहून संसाराला लागल्या, त्यांची दोन नावं जोडणारा माणूस ग्रंथपालच. त्याने जोडली नाहीत तर ती कायमची तुटली.

याहूची निर्देशिका बंद पडली, कारण साऱ्या जगाची पानं हाताने लावणं अशक्य होतं. मराठी नियतकालिकं साऱ्या जगाइतकी नाहीत. त्यांना सुरुवात आहे, शेवट आहे, खंड मोजता येतात. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, नंतर 1938 ते 1950 चा दुसरा खंड केला. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. केतकरांनी ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचिखंड जोडला, कारण ज्ञान छापलं म्हणजे पोचलं असं त्यांनी मानलं नाही. या लोकांच्या भाषेत काम करणारे आपण, दिवाळी अंकांची अनुक्रमणिकासुद्धा कुठे एकत्र नोंदवत नाही. दरवर्षी एवढे अंक निघतात, फेब्रुवारीत रद्दीत जातात, आणि त्यांतला लेख पुढच्या पिढीला हवा असेल तेव्हा आपण तिला शोधयंत्राकडे बोट दाखवणार.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. अक्षरओळख करणारी यंत्रं मराठी बरीच बरी वाचू लागली आहेत. त्यांचा उपयोग करावा आणि वाचलेलं माणसाने तपासावं. मोडी युनिकोडमध्ये 2014 साली आली, त्या दिशेनेही कोणीतरी पावलं टाकावीत. पण आधी अनुक्रमणिका. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडचं एक नियतकालिक घ्यावं. शीर्षक, छापलेलं लेखकनाव, त्याच व्यक्तीची माहीत असलेली इतर नावं, महिना, पृष्ठ, सगळं युनिकोडमध्ये. रकाने नेमके कोणते, हे आपल्या मंडळाने ठरवावं. या अनुक्रमणिका एकत्र कुठे ठेवायच्या आणि खर्चाचं काय, यावर कार्यकारिणीने बसून बोलावं. मी बैठकीला येईन. अनुदानाची वाट पाहून मात्र थांबू नये.

‘मनोहर’ मासिकाचे आमच्याकडे असलेले खंड मी घेतले आहेत, काम सुरू आहे. ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’ ज्यांच्याकडे सलग आहेत, त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीआधी नोंदणीच्या टेबलावरच्या वहीत ग्रंथालयाचं नाव आणि हाती असलेली वर्षं लिहावीत. ज्यांच्याकडे तुटक अंक आहेत त्यांनीही लिहावीत. ‘स्त्री’चे पहिल्या काही वर्षांतले अंक 1930 पासून कोणाकोणाकडे आहेत, हे आधी कळायला हवं.